ओरडायला शिकलेली माणसं

इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात हेलन म्यूर या मानसशास्त्रज्ञांनी विमान रिकामं करण्याचे अनेक प्रयोग केले. जमिनीवर उभं असलेलं विमान, आत स्वयंसेवक आणि एकच अट: बाहेर पडणाऱ्यांत जे पहिल्या निम्म्यांत असतील त्यांना जादा पैसे. तेवढ्या आमिषावर एरवी रांगेत शहाण्यासारखी उभी राहणारी माणसं सीटांच्या पाठी ओलांडून धावली आणि दारात एकमेकांत अडकली. आग नव्हती, जिवाला धोका तर मुळीच नव्हता.

या प्रयोगांना निमित्त झालं मँचेस्टरचं. २२ ऑगस्ट १९८५ ला तिथे एक बोइंग ७३७ उड्डाणासाठी वेग घेत असताना त्याचं डावं इंजिन फुटलं आणि उडालेल्या तुकड्याने पंखातली इंधनाची टाकी फोडली. वैमानिकाने उड्डाण सोडून विमान थांबवलं. म्हणजे विमान कुठे आपटलं नाही, जमीन सोडून वरही गेलं नाही. तरी ५५ जण मेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून.

पुढे म्यूर यांनी प्रश्न थोडा बदलला. दाराशी उभ्या असलेल्या क्रूच्या, म्हणजे प्रवाशांजवळच्या विमान कर्मचाऱ्यांच्या, वागण्याने किती फरक पडतो? काही फेऱ्यांत क्रूने घसा फाडून हुकूम सोडले, रेंगाळणाऱ्याला पुढे लोटलं. काही फेऱ्यांत क्रू हजर होता, पण सौम्य. ठाम क्रू होता तेव्हा विमान बरंच लवकर रिकामं झालं.

केबिन क्रूच्या प्रशिक्षणाविषयी बोलताना मी सुरुवात इथूनच करतो, कारण या पेशाची खरी अडचण इथे उघडी पडते. आणीबाणीत ज्याने ओरडायचं, ढकलायचं, हुकूम द्यायचा, त्याच माणसाला बाकीच्या सगळ्या नोकरीभर आवाज न चढवण्याचं आणि प्रवाशाचं मन न दुखावण्याचं वळण लावलेलं असतं. कंपन्यांना विचारलं तर 'सुरक्षा आधी, सेवा नंतर' असं ठरलेलं उत्तर येतं. ते खोटं नाही, पण त्याने काही सुटतही नाही. सेवेच्या शिक्षणात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत, असं माझं म्हणणं आहे. माणसं वाचायला शिकणं ही एक आणि मान तुकवायला शिकणं ही दुसरी. पहिली सुरक्षेच्या कामाची आहे, किंबहुना तिच्यावाचून सुरक्षेचं पान हलत नाही. दुसरी माणसं मारते. याची उदाहरणं पुढे देतोच.

आधी प्रशिक्षणात नेमकं काय चालतं ते पाहू. सुरुवातीचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी महिना-दोन महिन्यांचं असतं आणि त्यातला मोठा भाग अशा गोष्टींचा, ज्या करण्याची पाळी कधी येऊ नये. दाराचंच घ्या. प्रत्येक प्रकारच्या विमानाचं दार वेगळं, त्याचं हँडल वेगळं, वजन वेगळं. विमान निघण्याआधी दार 'आर्म' करतात. त्यानंतर ते आतून उघडलं की घसरगुंडी आपोआप बाहेर पडून काही सेकंदांत फुगते. मुक्कामी पोचल्यावर ते 'डिसआर्म' करायचं राहिलं, तर बाहेर शिडी लावणाऱ्या कामगाराच्या अंगावर तीच घसरगुंडी आदळू शकते. म्हणूनच ती 'क्रॉसचेक'ची घोषणा होते आणि समोरासमोरच्या दारांवरचे दोघे एकमेकांचं काम तपासतात. पण उघडायचं कसं यापेक्षा अवघड धडा आहे तो केव्हा उघडायचं नाही याचा. खिडकीतून आधी बाहेर पाहायचं. आग आहे का, पाणी कुठवर आलंय, विमान एका बाजूला कललं असेल तर घसरगुंडी जमिनीला टेकणार का? दार निकामी ठरलं तर ते अडवून उभं राहायचं आणि घाबरलेल्या गर्दीला उलट दिशेला वळवायचं. मागून पन्नास माणसं रेटत असताना हे करायचं असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे आवाज का लागतो ते कळतं.

आगीचे धडे वेगळे. बंद टॉयलेटमधून धूर येत असेल तर दार धाडकन उघडायचं नाही. हाताच्या मागच्या बाजूने ते किती तापलंय हे आधी बघायचं. अग्निशामकाचा फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर मारायचा नाही, बुडाशी मारायचा. मोबाइल किंवा पॉवर बँक पेटली तर हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूने ज्वाळा विझतात, पण बॅटरी आत धुमसत राहते आणि एकाच्या उष्णतेने शेजारचा सेल पेटतो. म्हणून ज्वाळा विझल्यावर भरपूर पाणी ओतून ती गार करत राहावं लागतं. बर्फ मात्र टाकायचा नाही, कारण बर्फाचा थर उष्णता आतच कोंडतो. सामान्य बुद्धी इथे नेमकी उलटं सांगते, म्हणून हे शिकवावं लागतं. शिवाय हृदय थांबलेल्याला छातीवर ३० दाब आणि २ श्वास, विजेचा झटका देणारं एईडी यंत्र, पाण्यात तराफा उलगडून त्यावर माणसं ओढून घेणं, दारू चढलेल्या प्रवाशाला आवरणं. आणि दरवर्षी या सगळ्याची उजळणी आणि परीक्षा. त्यात जमलं नाही, तर जमेपर्यंत उड्डाण बंद.

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी जंपसीटवर, म्हणजे दाराजवळच्या आपल्या घडीच्या आसनावर, हात मांड्यांखाली घेऊन गप्प बसलेला क्रू तुम्ही पाहिला असेल. तो कंटाळलेला नसतो. धक्का बसला तर हातपाय भिरकावले जाऊ नयेत म्हणून तसं बसायचं असतं, आणि त्या वेळात मनातल्या मनात उजळणी चालू असते: माझं दार कोणतं, ते कसं उघडतं, पहिला हुकूम कोणता, या रांगांमधला कोण मला मदत करू शकेल.

या 'कोण मदत करू शकेल'चं उत्तर मिळतं कुठे? सेवेतून. दारात नमस्कार करताना, पाणी देताना, सामान वर ठेवायला हात लावताना क्रू माणसं पाहत असतो. कोण लंगडतोय, कोणाला घोषणेची भाषा कळत नाही, कोणाच्या कडेवर बाळ आहे, कोण धडधाकट आणि शांत डोक्याचा दिसतो. म्हणून सेवा काढूनच टाका, फक्त सुरक्षारक्षक ठेवा, असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या टॉयलेटच्या भागात आग लागली आणि विमान अमेरिकेतल्या सिनसिनाटीला तातडीने उतरवावं लागलं. उतरेपर्यंतच्या काही मिनिटांत क्रूने प्रवाशांना पुढच्या सीटांवर हलवलं, नाकातोंडावर धरायला ओले टॉवेल वाटले आणि काही प्रवाशांना निवडून पंखावरच्या खिडकीवजा दारांची माहिती दिली. विमान थांबून दारं उघडल्यावर मिनिट-दीड मिनिटात आतलं सगळं एकदम पेटलं. ४६ पैकी २३ जण वाचले. ते काही मोजक्या माणसांना निवडणं आदल्या तासाभराच्या ये-जा करण्यातून आलं असणार, असं मी मानतो.

आता दुसरी बाजू, मान तुकवण्याची. १९ ऑगस्ट १९८० ला रियाधहून निघालेल्या सौदिया या सौदी विमान कंपनीच्या १६३ क्रमांकाच्या विमानात मागच्या सामानकक्षात आग लागली. विमान परत फिरलं आणि व्यवस्थित उतरलं. पण ते धावपट्टीवर तिथल्या तिथे थांबलं नाही. पुढे जाऊन टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावर, थांबलं आणि इंजिनं त्यानंतरही चालू राहिली. विमान रिकामं करायचं का, असं केबिन क्रूने कॅप्टनला एकदा नाही, अनेकदा विचारलं होतं. हुकूम आला नाही. एकही दार आतून उघडलं नाही आणि विमानातले सगळे ३०१ जण मेले. क्रूने विचारायला नको होतं, थेट उघडायला हवं होतं, असं म्हणणं आज घरी बसून सोपं आहे, आणि इंजिनं चालू असताना दारं उघडणंही सरळ काम नव्हतं. पण 'विचारणं' हेच आपलं काम आहे, अशीच ज्यांची जडणघडण झाली त्यांच्याकडून दुसरं काय अपेक्षित होतं?

दहा वर्षांच्या आत आणखी दोनदा हेच दिसलं. जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ कोसळलेल्या विमानात वैमानिकांनी चुकून चांगलं, म्हणजे उजवं इंजिन बंद केलं आणि तसं प्रवाशांना सांगितलंही. डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा मागच्या प्रवाशांनी पाहिल्या होत्या, क्रूपैकी तिघांनीही पाहिल्या होत्या. ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोचली नाही. ४७ जण गेले. दोनच महिन्यांनी, १० मार्चला, कॅनडातल्या ड्रायडन इथे पंखांवर बर्फ असलेलं एक फॉकर विमान उड्डाण करताना कोसळलं आणि ६९ पैकी २४ जण गेले. वाचलेल्या हवाई सेविकेने न्यायाधीश व्हर्जिल मोशान्स्की यांच्या चौकशी आयोगापुढे सांगितलं की बर्फ तिला दिसलं होतं. पण अशा गोष्टी वैमानिकांना सांगाव्यात हे तिच्या प्रशिक्षणात नव्हतं आणि सांगितलेलं त्यांना रुचेल असंही तिला वाटलं नव्हतं. त्याच विमानात प्रवासी म्हणून बसलेले दोन वैमानिकही गप्प राहिले होते. म्हणजे दोष एका मुलीच्या भित्रेपणाचा नव्हता. सगळ्या व्यवस्थेनेच कोणी कोणाला काय सांगायचं याच्या पायऱ्या ठरवून टाकल्या होत्या आणि केबिन क्रू सगळ्यात खालच्या पायरीवर होता.

त्यानंतर बरंच सुधारलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' नावाचं, एकमेकांशी मोकळेपणी बोलून निर्णय घ्यायला शिकवणारं जे शिक्षण १९८० च्या सुमारास वैमानिकांसाठी सुरू झालं, ते केबिनपर्यंत आलं. वैमानिक आणि क्रू एकत्र सराव करू लागले. जीव जाणार हे उघड दिसत असेल तर कॅप्टनच्या हुकमाची वाट न पाहता विमान रिकामं करायला घेता येतं, हे आता शिकवलं जातं. मात्र अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचं दार भक्कम आणि कायम कुलूपबंद झालं. जे गैरसमज एकदा डोकावून मिटायचे, ते आता इंटरकॉमच्या तारेवर सोपवलेले आहेत. त्या दाराची गरज मी नाकारत नाही. पण त्यामुळे केबिनमधल्या माणसाने स्वतः ठरवण्याची गरज आणखी वाढली आहे.

किती वाढली ते २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर दिसलं. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या एअरबस ए३५० ची धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच जण मृत्यू पावले. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. आगीमुळे आठपैकी तीनच दारं वापरता आली. घोषणायंत्रणा आणि इंटरकॉम बंद पडले होते, म्हणून क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा घसा वापरला. मागच्या बाजूच्या एका दारावर कॉकपिटशी संपर्क होईना, तेव्हा तिथल्या क्रूने स्वतःच्या जबाबदारीवर दार उघडलं. सुमारे १८ मिनिटांत सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर आले आणि नंतर विमान जळून गेलं. याच कंपनीने १९८५ मध्ये एका अपघातात ५२० जीव गमावले होते आणि २००६ मध्ये त्या विमानाचे अवशेष मांडून एक सुरक्षा केंद्र उघडलं होतं. आपले कर्मचारी ते पाहतील याची व्यवस्थाही केली होती. जगभर कौतुक झालं ते जपानी प्रवाशांच्या शिस्तीचं, सामान मागे सोडण्याचं. ते रास्तच होतं. पण कोणी तरी 'सामान सोडा' असं ओरडत होतं आणि ऐकणाऱ्यांनी तो हुकूम मानला, या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणून जीव वाचले.

हुकूम मानला जाणं हे क्रूच्या एकट्याच्या हातात नसतं, आणि इथून हा कंपन्यांच्या आतला विषय न राहता सार्वजनिक प्रश्न होतो. दोन तास जिला बोटाच्या इशाऱ्याने बोलावलं, तिने तिसऱ्या तासाला 'उडी मार' म्हटलं तर माणूस क्षणभर तरी थबकतो. तो क्षण महाग असतो. विमान प्रमाणित करताना निम्मी दारं बंद ठेवून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात का ते पाहतात. २००६ मध्ये हॅम्बुर्गला ए३८० मधून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. चाचणी म्हणून ते थक्क करणारं आहे. पण त्या स्वयंसेवकांना आपण चाचणीला आलोय हे माहीत होतं, आणि वरच्या कप्प्यातला लॅपटॉप काढून घेण्याचा मोह त्यांना नव्हता.

या पेशाचा मूळ हेतू काय, हे कायद्याने खरं तर केव्हाच ठरवलंय. १९३० मध्ये एलन चर्च ही परिचारिका विमानात पहिली सेविका म्हणून रुजू झाली, तेव्हा अटी होत्या परिचारिकेचं शिक्षण, अविवाहित, २५ च्या आतलं वय, ठरावीक उंची आणि वजन. नंतर युद्धाच्या काळात परिचारिका मिळेनात तेव्हा त्यातली पहिली अट गेली. वय, वजन आणि लग्नाच्या अटी मात्र दशकानुदशकं टिकल्या. काय गेलं आणि काय राहिलं यावरून कंपन्यांना काय हवं होतं ते दिसतंच. मग सेलिओ डियाझ नावाच्या पुरुषाला पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीने ही नोकरी नाकारली आणि तो कोर्टात गेला. बायका प्रवाशांना जास्त धीर देतात, त्यांचं असणं जास्त सुखाचं वाटतं, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसरीकडे सुखरूप नेणं हे विमान कंपनीचं मुख्य काम, बाकी सगळं दुय्यम, असं त्या निकालाचं सार होतं. अमेरिकेत ५० सीटांमागे एक क्रू हवा असा नियम आहे, युरोपातही तसाच. तो क्रू ठेवायचा तो विमान रिकामं करण्यासाठी. जेवण वाटण्यासाठी अमुक इतकी माणसं हवीत, असा नियम विमान वाहतुकीच्या कायद्यात मी तरी पाहिलेला नाही. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानंतर क्रूला सरकारी प्रमाणपत्र मिळू लागलं, युरोपातही तसंच प्रमाणन आहे.

कागदावर असं असताना प्रत्यक्षात मोजलं काय जातं? प्रवाशाकडून भरून घेतलेल्या अभिप्रायात विचारतात हसून बोलले का, जेवण वेळेवर आलं का. आपत्कालीन दाराशेजारच्या प्रवाशाला दाराची माहिती नीट समजली का, हे कोणी विचारत नाही. १८९ सीटांच्या बोइंग ७३७ मध्ये नियमानुसार चारच क्रू पुरतात. ते चौघे पुढच्या-मागच्या चार दारांवर असतात आणि पंखावरची चार दारं प्रवाशांच्याच हाती असतात. म्हणजे तिथे बसलेला, कानात इअरफोन घातलेला माणूस त्या उड्डाणापुरता क्रूचाच एक सदस्य असतो. त्याला इअरफोन काढायला सांगणारी मुलगी आगाऊ ठरते आणि तिच्या नावाने तक्रार जाते. काही कंपन्या क्रूला विमानातल्या विक्रीचं लक्ष्यही देतात. आसनपट्ट्यांची खूण लागल्यावर ट्रॉली आवरून आपण बसावं की अजून दोन रांगा कराव्यात, हा निर्णय अशा लक्ष्याच्या दडपणाखाली घ्यायला लावणं मला सरळ चुकीचं वाटतं. हवेच्या हिसक्यांत गंभीर जखमी होणाऱ्यांत क्रूचं प्रमाण मोठं असतं ते उगाच नाही. त्या वेळी उभे असतात तेच.

पगाराचंही तेच. अनेक कंपन्यांत क्रूचा ताशी पगार सुरू होतो विमान जागचं हलल्यावर. प्रवासी चढत असतानाचा वेळ, ज्यात माणसं पाहून घ्यायची, आपत्कालीन साधनं तपासायची, जास्त प्यायलेल्याला ओळखून खाली उतरवायचं, तो बिनपगारी किंवा कमी पगाराचा. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून जास्त क्रूने संप केला, त्यात जमिनीवरच्या या बिनमोबदल्याच्या कामाचा मुद्दा अग्रभागी होता. प्रवासी अडकले, चिडले, ते साहजिक होतं. पण ज्या कामाचे पैसे देत नाही, ते काम महत्त्वाचं आहे असं तिथे काम करणाऱ्याला कसं पटवणार?

यावर एक आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. क्रूला जास्त अधिकार दिला तर तो अधिकार प्रवाशावर चालवला जाईल. क्षुल्लक वादात 'सुरक्षेचा नियम' म्हणून दटावणं, प्रश्न विचारणाऱ्याला 'उपद्रवी' ठरवून उतरवणं हे घडू शकतं, घडतंही. आणि ज्याचा उच्चार वेगळा, कातडीचा रंग वेगळा, त्याच्या वाट्याला ते आधी येतं. म्हणून अधिकार वाढवताना तक्रारीचा मार्ग बंद करा असं मी म्हणणार नाही. तक्रारी मात्र वेगळ्या करायला हव्यात. जेवण थंड होतं ही तक्रार ग्राहकसेवेकडे जाऊ दे. 'मला बॅग खाली ठेवायला लावली', 'माझी जागा बदलली', 'फोन काढून घेतला' या तक्रारी सुरक्षा विभागाकडे जायला हव्यात. तिथल्या माणसांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात, हुकूम नियमाला धरून होता का एवढंच तपासावं, आणि तसा तो असेल तर क्रूच्या वार्षिक मूल्यमापनात त्या तक्रारीचा मागमूसही राहू नये. नियमाला धरून नसेल तर कारवाई व्हावी आणि तसं प्रवाशाला लेखी कळवावं. विमान वाहतुकीच्या नियामकांना हे कंपन्यांवर बंधनकारक करता येईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, सीटांची संख्या कमी करावी लागत नाही.